हंगामात मागे राहिलेली माणसे



ऊस विकास अधिकाऱ्याने लिहायचे म्हणजे बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्यातले पाचट, हुमणी यांवर लिहायचे अशी रीत आहे. त्यावर मी पुढेही लिहीनच. या खेपेला मात्र फडातून जरा बाहेर पडून गावातल्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत जायचे आहे. विषय उसाचा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. आहे, आणि चांगलाच आहे.

दसरा झाला की आपल्याकडची गावे कशी दिसू लागतात हे परळी, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत राहणाऱ्याला सांगायला नको. बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांपुढे ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पीठ-मीठ, भांडीकुंडी, पांघरुणे, कोंबड्या, अंगावरचे लेकरू, सगळे वर चढते. काही टोळ्या जवळपासच्या कारखान्यांना लागतात. बाकीच्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा, अहिल्यानगर करत कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. मग दिवाळीपासून पार पाडव्यापर्यंत, कधी अक्षय्य तृतीयेपर्यंत, गावात फिरले तर दिसतात ती कुलपे आणि म्हातारी माणसे.

ऊसतोड कामगारांवर पुष्कळ लिहून आले आहे. त्यांच्या लेकरांच्या शाळेवर आले, बायांच्या आरोग्यावर आले, मुकादमाच्या उचलीवर आले. ते यायलाच हवे. पण ट्रक निघून गेल्यावर धुरळ्यात मागे उभी राहिलेली आई, तिच्यावर फारसे कोणी लिहीत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे ९.९ टक्के निघाली, देशात ८.६ टक्के. हे आकडे आता जुने झाले. आणि टक्क्यांवरून जानेवारी महिन्यातला आपला तांडा कळत नाही. हातपाय चालणारे सगळे निघून गेले की शंभरात दहा हा हिशेब राहतच नाही. पारावर बसलेले बघाल तर सगळेच पांढऱ्या केसांचे.

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याला ठाऊक आहे. उचल मिळते ती जोडीवर. तिसरे माणूस कमावत नाही, खोपीत जागा अडवते आणि भाकरी खाते. पूर्वी म्हातारीला सोबत न्यायचे ते तान्ह्या पोरांवर लक्ष ठेवायला. अजूनही काही नेतात. पण शाळा बुडू नये म्हणून पोरांना गावी ठेवायचे ठरले की त्यांच्यासाठी आजीलाही गावी ठेवावे लागते. हंगामी वसतिगृहात पोरांच्या जेवणाची सोय होते हे खरे, पण रात्री पोरे आजीजवळच येतात. ताप आला तर आजी, मास्तरांनी बोलावले तर आजी. म्हणजे जिला खरे तर कोणी सांभाळायला हवे, तीच दोन-तीन लेकरांची पालक. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजना २०२१ साली आली. ती सगळीकडे नीट चालली तर आजीच्या डोक्यावरचे एक ओझे उतरेल.

आता वयाचा हिशेब बघा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली वीस वर्षांची पोर आज सत्तरी ओलांडून गेली आहे. त्यानंतर तिने वीस-पंचवीस हंगाम मोळ्या वाहिल्या. असे अंग पन्नाशीतच म्हातारे होते. कंबर वाकते, गुडघे जातात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे बंद होते. सरकारी कागदावर मात्र म्हातारपण पासष्टाव्या वर्षी सुरू होते. श्रावणबाळ योजनेला वय ६५ लागते आणि घरचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. मधली दहा-पंधरा वर्षे काय करायचे? निराधार बाईसाठी १९८० पासून संजय गांधी योजना आहे, पण जिला कमावता मुलगा आहे ती कागदावर निराधार ठरत नाही. मुलगा कमावतो कुठे, तर चारशे किलोमीटरवर. आणि उचलीचे पैसे गाडी हलायच्या आधीच जुन्या देण्यात, बहिणीच्या लग्नात गेलेले असतात. आईजवळ राहते ते एक पोते ज्वारी, थोडे डाळ-तेल आणि हातखर्चाला काही नोटा.

ज्यांना पगार (गावात याला पगारच म्हणतात) चालू आहे, त्यांचे १,००० रुपये २०२३ मध्ये वाढून १,५०० झाले. वाढ झाली ती चांगली झाली. पण तो बँकेतून काढायचा कसा? अंगठ्याचा प्रश्न तिथून सुरू होतो. राख, शेण, चुना, उसाचे पाते आणि वय, यांनी बोटांच्या रेषा पुसल्या जातात. ज्या अंगठ्याचा ठसा मुकादमाच्या कागदावर वर्षानुवर्षे एका दाबात उठला, तोच आता यंत्रावर उठत नाही. एक आजोबा मला म्हणाले, “साहेब, कर्ज घेताना बरा उठायचा वो.” रेशन दुकानात तेच. वास्तविक, केवळ अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवले आहे. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने सत्तरीच्या पुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असे बँकांना सांगितले. पोस्टाची बँक तर पोस्टमनच्या हातीच यंत्र देते. पण म्हातारीला हे माहीत नसते, आणि खिडकीवरच्या माणसाला माहीत असले तरी रांग मोठी असते. ती आपली परत जाते.

रेशनचे आणखी एक सांगतो, कारण यावरून घराघरांत भांडणे होतात. मुलगा-सून सांगलीकडे असतील तर त्यांना तिकडच्या दुकानातून त्याच कार्डावर आपला वाटा उचलता येतो आणि उरलेला वाटा आईला गावात मिळू शकतो. “तिकडं उचललं म्हणून इकडं बंद” असे कोणी सांगत असेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात विचारावे.

पडणे हा दुसरा मोठा धोका. परळी तालुक्यातल्या एका वस्तीवर आमचा माणूस खोडव्याची नोंद घ्यायला गेला होता. शेजारच्या पत्र्याच्या घरातून शेळी सारखी ओरडत होती. दुपारचे दोन वाजून गेले तरी शेळी सोडलेली नाही, हे त्याला खटकले म्हणून त्याने दाराशी जाऊन हाक मारली. आतली मावशी आदल्या रात्री उठली आणि चुलीजवळ पडली, ती तेव्हापासून तिथेच. खुब्याचे हाड मोडलेले. पाण्याचा माठ चार हातांवर, पण तिथवर सरकता येईना. १०८ ची गाडी बोलावली, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नेले, शस्त्रक्रिया झाली. मुलगा-सून कर्नाटकात. मुकादम म्हणाला, उचल फिटल्याबिगर कोयता सोडता येणार नाही. शेवटी मुलगा एकटाच दोन दिवसांसाठी आला, रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला आणि परत गेला. गावात त्याला नावे ठेवणारे बरेच निघाले. मला काही तसे वाटले नाही. जोडीतला एक उठून आला की दुसऱ्याचेही काम थांबते, खाडे अंगावर बसतात आणि पुढच्या वर्षीच्या उचलीत वजा होतात. त्याने दोन दिवस काढले तेच कसे काढले हे त्याचे त्याला माहीत.

अंबाजोगाईचे हे रुग्णालय आपल्या हाताशी आहे हे आपले भाग्यच. पण रोजच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी अंबाजोगाई लांबच. गोळ्या महिन्याच्या मिळतात, महिना संपला की आणायला कोणी नसते, मग बंद होतात. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, पण एसटी तांड्यावर येत नाही; फाट्यापर्यंत चालावेच लागते, आणि चालता येत असते तर गोष्ट वेगळी होती.

आपले सभासद

इथवर वाचून एखादा सभासद म्हणेल, हे मजुरांचे झाले, आपण बागायतदार. तर आता आपल्याच शेअर्सच्या रजिस्टरकडे येऊ. आमच्या गटात फिरताना सत्तरीच्या पुढचे, जोडीने किंवा एकटेच राहणारे कितीतरी सभासद भेटतात. मुलगा पिंपरी-चिंचवडला कंपनीत, मुलगी सासरी, वाड्यात दोन माणसे. मुले वाईट आहेत असे नाही. नांदेड-पनवेल गाडीने येतात, सणाला दोन दिवस राहतात, “आमच्याकडं चला” म्हणतातही. एक तात्या गेले होते पुण्याला. आठ दिवसांत परत. म्हणाले, “तिथं सकाळी उठून जावं कुठं? खाली उतरून वर निघालं की वॉचमन इचारतो, कुणाकडं आलात.” इथे पारावर त्यांना कोणी असे विचारत नाही. वृद्धाश्रमाचे नाव काढले तर दुसऱ्यांदा चहा मिळत नाही. तेव्हा त्यांना उचलून कुठे न्यावे हा विचार मी तरी सोडून दिला आहे. आपल्या घरात, आपल्या उंबऱ्यावर बसून राहायचे आहे ना, मग तिथे राहणे सोपे कसे होईल एवढेच बघावे.

म्हातारा एकटा सभासद ऊसच का धरून बसतो याचेही कारण आहे. कापूस वेचायला रोज माणसे लागतात, सोयाबीन चार दिवसांत काढावे लागते. ऊस एकदा लावला, मोठी बांधणी झाली की पाणी देणे तेवढे राहते. तोडायला कारखान्याची टोळी येते. काही जण याला आळशाचे पीक म्हणतात. मी म्हणेन, थकलेल्याचे पीक. पण त्या पाण्यातच ग्यानबाची मेख आहे. लाईट रात्रीची. डिसेंबरच्या थंडीत बाराला मोटार चालू करायला आणि तीनला बारे मोडायला पंच्याहत्तरीचा माणूस बॅटरी घेऊन बांधावरून जातो. साप, विंचू, घसरण, आणि पडला तर हाक ऐकायला उसाशिवाय कोणी नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की ठिबकाचा विचार उत्पन्न वाढीसाठी करा न करा, अशा सभासदांनी तरी तो जिवासाठी करावा. दारे धरायला रात्री फावडे घेऊन उभे राहावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवून घ्यावा. सौर पंप मागणीप्रमाणे देण्याची योजना २०२४ पासून चालू झाली आहे. पाणी दिवसा देता येते. अर्ज ऑनलाइन असतो, तो भरून द्यायला आमच्या पोरांना सांगावे.

तोडणीचेही बोलतो. एकट्या म्हाताऱ्याच्या फडाला टोळी उशिरा लागते अशी तक्रार सगळ्याच कारखान्यांच्या भागात ऐकू येते. तो गट कार्यालयात चकरा मारू शकत नाही, ‘खुशाली’ मागणाऱ्याशी भांडू शकत नाही, मग त्याचा ऊस वाळत उभा राहतो. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड मिळणे हा त्याचा हक्क आहे, त्यात दया नाही. ज्याच्याकडे पैसे मागितले जातील त्याने स्वतः नको, तर शेजाऱ्याच्या फोनवरून तरी कळवावे.

जमीन आणि कागद

मी पदविका घेतलेला शेतकी माणूस, कायद्याचा जाणकार नाही. पण एक गोष्ट बांधाबांधावर इतकी ऐकली आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही. म्हातारा माणूस प्रेमाने म्हणा, कटकटीने म्हणा, सगळी जमीन मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून देतो आणि पुढच्या हंगामापासून त्याच्याच उसाच्या बिलातले पाचशे रुपये त्याला मागून घ्यावे लागतात.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे. न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो, वकील लावावाच लागत नाही, आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला इस्टेट मिळणार आहे त्याच्यावरही जबाबदारी येते. याच कायद्याचे कलम २३ म्हणते की सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. पण अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, असे जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात म्हटले आहे खरे. तरी कोर्टाच्या उदारपणावर कशाला सोडायचे? शक्यतो हयातीत बक्षीसपत्र करूच नये, मृत्युपत्र करावे. ते मन बदलले तर बदलता येते. करायचेच असेल तर “मला व माझ्या पत्नीला हयातभर सांभाळण्याच्या अटीवर” ही ओळ बक्षीसपत्रात घालून घ्यावी. लिहिणारा म्हणतो “कशाला अविश्वास?” म्हणू द्या.

शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली ठराव केला की जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातून ३० टक्के कापून त्यांना द्यायचे. पुढच्या वर्षी काहींचे कापल्याचे आपण पेपरात वाचले. नोकरदाराचा पगार कापता येतो. उसाच्या बिलाला असे काही करता येईल का, ते आपल्या वार्षिक सभेत कोणी तरी विचारून बघावे, मलाही ऐकायला आवडेल.

सहकार कायद्यात शेअर्सवर नामनिर्देशनाची सोय आहे. ते केलेले नसले की सभासद वारल्यावर विधवेला शेअर्स नावावर करून घेण्यासाठी वारसदाखल्याच्या चकरा माराव्या लागतात. नाव लावायला पाच मिनिटे लागतात, न लावल्याने वर्ष जाते.

रोज एक हाक

त्याच १९७२ साली, आपल्याकडे दुष्काळ होता तेव्हा, तिकडे जपानच्या फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा शहरात एक बाई घरोघर याकुल्ट पोचवायची. याकुल्ट म्हणजे आंबवलेल्या दुधाचे पेय. तिच्या भागात एक एकटे म्हातारे माणूस वारले आणि कोणाला पत्ता लागला नाही. तिला ते लागून राहिले. तिने एकट्या राहणाऱ्यांच्या दारी जाऊन बाटली द्यायची आणि चार शब्द बोलायचे असे सुरू केले. पुढे कंपनी आणि तिथल्या नगरपालिका यात उतरल्या आणि ते काम देशभर पसरले. मला यातली साधी गोष्ट पटते: ज्याला तसेही त्या दारावरून जायचे आहे, त्यानेच हाक मारायची.

आपल्याकडे रोज कोण जाते? दूध संकलनवाला जातो. शाळेची पोरे जातात. हंगामात आमचा चिटबॉय जातो. आशाताईंचे नाव मी मुद्दाम घेत नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच इतकी कामे आहेत की अजून एक टाकणे बरे नव्हे. दुधाची किटली ठेवताना “मावशी, उठलात का?” एवढे विचारायला किती वेळ लागतो? उत्तर आले नाही तर थांबायचे, आत डोकवायचे. आमच्या माणसाने शेळी ऐकून तेवढेच केले होते.

फोनचेही बघावे. म्हातारीला दिलेला मोठ्या पडद्याचा मोबाईल बहुधा नातवाच्या हातात असतो नाहीतर चार्जिंग संपून कोनाड्यात. बटणांचा साधा फोन बरा. त्यात दोनच्या बटणावर मुलाचा आणि तीनच्या बटणावर शेजाऱ्याचा नंबर लावून द्यावा. वाचता न येणाऱ्यालाही बटण दाबून धरता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट नंबर सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. पगार अडला, घरात मारहाण झाली, कायद्याचे विचारायचे झाले, तिथे मराठीत बोलता येते. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. पुष्कळ बागायतदारांना वाटते ते गरिबांचेच आहे. तसे नाही, काढून घ्यावे.

येत्या लागणीच्या नोंदीच्या वेळी चिटबॉय दोन जादा गोष्टी विचारील. शेअर्सवर नाव लावले आहे काय, आणि आपल्या वस्तीवर हंगामात कोण एकटे राहते. दुसऱ्या प्रश्नाला घराची खूण आणि बाहेरगावच्या मुलाचा फोन नंबर द्यावा. ही यादी चिटबॉय आणि पोलीस पाटील यांच्याजवळच राहील, ती फळ्यावर लागणार नाही; कोणते घर एकटे आहे हे चोरालाही हवेच असते. ज्यांच्या घरी बटणांचा जुना फोन पडून असेल त्यांनी तो गट कार्यालयात आणून द्यावा. चार्जर असल्यास सोबत आणावा.